पाठीतले इंजेक्शन आणि बाळंतिणीची डोकेदुखी
सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाने कंबर कायमची धरते, असा समज आहे. मराठवाड्यात घरोघरी हेच ऐकू येते, परंतु दीर्घकाळच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. सुईही मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घातली जाते. लक्ष ठेवायचे ते डोकेदुखीवर. सुईच्या छिद्रातून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचे पाणी पाझरत राहिले, तर पहिल्या काही दिवसांत, उठून बसताच वाढणारे आणि आडवे होताच उतरणारे डोके दुखू लागते. माझ्या बहिणीला परळीला माहेरी आल्यावर असेच झाले आणि ‘वारे लागले’ म्हणून डोक्याला फडके बांधण्यात आमचे दोन दिवस गेले, याची मला आजही खंत वाटते. बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईने हा त्रास पुष्कळ कमी होतो, बहुतेकींचा तो एक-दोन आठवड्यांत थांबतो, आणि न थांबल्यास बाळंतिणीचेच थोडे रक्त पाठीत सोडून छिद्र बुजवता येते. मात्र आडवे होऊनही डोके ठणकत असेल, एकाचे दोन दिसत असतील, ताप किंवा आकडी आली असेल, पायांचा बधिरपणा उतरत नसेल अथवा लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण अशी डोकेदुखी वाढलेल्या रक्तदाबाची किंवा मेंदूच्या शिरेतील गुठळीचीही असू शकते.