कराटेच्या सरांनी स्वतःच्या शिक्षणाचा प्रवास पालकांना सांगायला हवा का?

भांडुपकर:
आमच्या भागातल्या एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो. यंदा त्यांनी दाराशेजारच्या फळ्यावर शिकवणाऱ्या चौघांचा प्रवास लिहून लावला. कोणी कोणाकडे सुरुवात केली, मधे सराव कधी सुटला, ब्लॅक बेल्टनंतर कोणाकडे शिकायला जातात, मुलांना शिकवायला कधी लागले, सगळं साध्या भाषेत. एका मॅडमनी लिहिलंय की बाळंतपणानंतर काही वर्षं त्यांनी कराटेचा ड्रेस अंगावर चढवला नव्हता. परत आल्या तेव्हा ज्या मुलींना आधी शिकवलं होतं त्यांच्याच रांगेत मागे उभं राहून किहोनपासून, म्हणजे अगदी मूळ हालचालींपासून, पुन्हा सुरुवात केली. यावरून पालकांत दोन तट पडलेत. कोणी म्हणतं ही जाहिरात आहे, कोणी म्हणतं एवढं खासगी फळ्यावर कशाला.

माझं म्हणणं असं की मुंबईतल्या प्रत्येक वर्गाने हे करायलाच हवं. एरवी फ्लेक्सवर काय असतं? हवेत किक मारतानाचा फोटो आणि नावापुढे 'पाचवा डॅन', म्हणजे ब्लॅक बेल्टची पाचवी पायरी. तो डॅन दिला कोणी, हे कुठेच नसतं. आणि कराटेत तेच विचारायचं असतं. शोटोकान, गोजू-रियू, शितो-रियू, वाडो-रियू, क्योकुशिन अशा शैली, प्रत्येक शैलीच्या अनेक संघटना आणि जी ती संघटना आपापले डॅन देते. दोन पाचव्या डॅनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

शिवाय ब्लॅक बेल्ट म्हणजे शिक्षण संपलं हा आपल्याकडचा समज मुळातच चुकीचा आहे. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये ज्यूदोची कोदोकान शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी पहिले डॅन दिले. जपानात कराटे रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशींनी तीच पद्धत १९२४ मध्ये कराटेत आणली. पहिला डॅन म्हणजे पाया पक्का झाला, आता शिकायला लायक झालात, एवढाच त्याचा अर्थ. मग त्यानंतर सर काय शिकले हे पालकांना कळायला नको? कानो आणि फुनाकोशी दोघांचाही पेशा शिक्षकाचा होता, हेही इथे लक्षात घ्या.

मुलुंडची आई:
तुमची कळकळ पोचली, पण मला हे पटत नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्या सरांचे सर कोण होते हे कळून मला काय करायचंय? मला दिसतं ते वर्गात. तीस-पस्तीस मुलांमागे मोठी माणसं किती? रडणाऱ्या मुलाशी कसं बोलतात? मुलींचा पवित्रा सुधारताना हात कुठे आणि कसा लावतात, आधी सांगून लावतात का? कपडे बदलायच्या खोलीपाशी कोण असतं? २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला, तरी कित्येक वर्गांत शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी झालीय का हे विचारायला पालक कचरतात. फळ्यावरची सुंदर गोष्ट वाचून तर ते अजिबातच विचारणार नाहीत. माणूस प्रामाणिक वाटला की आपण प्रश्न गिळतो, आणि मला भीती आहे ती याचीच.

परळचा शिष्य:
मी स्वतः शिकवतो, म्हणून लिहितो. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. मी परळच्या महापालिका शाळेच्या तळमजल्यावर शिकलो. आमच्या सरांच्या घरी गिरणीचा पगार होता, ८२ च्या संपानंतर तोही गेला. तरी ते रोज यायचे, फी मागायचे नाहीत. त्यांनी दिलेले दाखले ज्या संघटनेचे होते ती पुढे फुटली आणि नव्या लोकांनी जुने दाखले धरले नाहीत. आता फळ्यावर मी काय लिहू? शेजारच्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये शिकवणारा मुलगा लिहिणार की जपानला दोनदा जाऊन आलो. परदेशी सेन्सेई (गुरू) मुंबईत येतात त्या शिबिराची फी भरतानाही मला दोन महिने आधीपासून पैसे बाजूला काढावे लागतात. प्रवास लिहा म्हणणं सोपं आहे. लोक त्यात विमानाची तिकिटं मोजतात.

भांडुपकर:
@परळचा शिष्य, दादा, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच फळ्यावर लिहा, मी तर म्हणतो शब्दही बदलू नका. दाखल्यांची यादी लावली तर तुम्ही मागे पडाल, म्हणूनच मला यादी नको, प्रवास हवा. तळमजल्यावर फुकट शिकवणारे सर, फुटलेली संघटना, तरीही न सोडलेला सराव, हे वाचून मी माझा मुलगा तुमच्याकडे पाठवीन.

@मुलुंडची आई, तुमचे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण हे दोन्ही एकत्र का नको?

चेंबूरचा तायक्वांदोवाला:
थोडी माहिती. तायक्वांदोत दाखल्याचा घोळ बराच कमी आहे. सोलच्या कुक्कीवॉनकडून, म्हणजे १९७२ पासूनच्या मुख्य केंद्राकडून, डॅनचं प्रमाणपत्र येतं आणि क्रमांक टाकून ते तपासता येतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना डॅन मिळत नाही, पूम (मुलांसाठीची तीच पायरी) मिळतो. पहिल्यावरून दुसऱ्या डॅनला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन, तिसऱ्यावरून चौथ्याला तीन. तेव्हा कोणी पंचविशीत सहावा डॅन सांगत असेल तर हिशेब घालून बघा.

पण कागद अस्सल असला म्हणून शिकवता येतंच असं नाही. उत्तम पूमसे (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करणारे आणि सहा वर्षांच्या मुलासमोर गांगरणारे लोक मी पाहिलेत.

पार्ल्याची फिजिओ:
मी भांडुपकरांच्या मागणीच्या विरोधात आहे, आणि कारण वेगळं आहे. प्रवास जितका लांब आणि खडतर, तितका मला तो तपासून घ्यावासा वाटतो. माझ्याकडे दहा ते चौदा वयाची मुलं गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दुखतो म्हणून येतात. या वयात हाड वाढत असतं, मांडीचा स्नायू तिथेच ओढ देतो, त्यात उड्या आणि किकांचा मारा झाला की सूज धरते. विश्रांती आणि योग्य व्यायामाने बहुतेक मुलं बरी होतात. पण वर्गात काय सांगतात? "आम्ही पण दुखत असताना केलं." चवड्यावर बसून सभागृहाला फेऱ्या, स्प्लिट बसत नाही म्हणून पाठीवर दुसऱ्या मुलाला बसवणं, सिमेंटच्या जमिनीवर मुठींवर जोर काढणं. यातलं एकही त्या सरांनी स्वतः शोधलेलं नाही. त्यांच्या सरांनी केलं, म्हणून हे करतात. आणि हा प्रवास तुम्ही फळ्यावर मिरवणार?

आणखी एक. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, डोक्याला लागून मूल गोंधळलं, चक्कर आली, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मॅटवर उतरवायचं नाही. हे ज्याला माहीत आहे तो हिरव्या बेल्टचा असला तरी माझ्या लेखी चांगला शिक्षक. ज्याला माहीत नाही तो कितव्याही डॅनचा असो.

कानो आणि फुनाकोशी शिक्षक होते हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा आहे. त्या आधीही जपानच्या ओकिनावा बेटावर इतोसू या जुन्या गुरूंनी कराटे शाळेत नेलं तेव्हा मोठ्यांचे काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) जसेच्या तसे मुलांवर लादले नाहीत. मुलांसाठी सोपे पाच काता बांधले. आज शोटोकानची मुलं ज्यांना हेआन म्हणतात ते हेच. त्यांनी स्वतः जे सोसलं ते मुलांना दिलं नाही, म्हणून तर ते मोठे.

परळचा शिष्य:
@पार्ल्याची फिजिओ, पाठीवर बसवणं बंद व्हायलाच हवं, मी करत नाही. पण सगळ्या खडतर सरावाला एकाच मापाने मोजू नका. किबा-दाचीत, म्हणजे घोडेस्वारासारख्या पवित्र्यात, मांड्या थरथरेपर्यंत उभं राहणं यात मूल काहीतरी शिकतं. मला त्रास होतोय आणि तरी मी उभा आहे, हे दहाव्या वर्षी अंगाला कळणं फार मोलाचं आहे. आमच्या चाळीतल्या मुलांना ते दुसऱ्या कुठे मिळणार? दुखणं आणि दमणं यातला फरक ओळखायला सर लागतात, आणि तो फरक सरांना स्वतःच्या अंगावर काढूनच कळतो.

पार्ल्याची फिजिओ:
स्वतःच्या अंगावरून स्वतःचं अंग कळतं. दुसऱ्याचं, तेही वाढत्या मुलाचं, शिकावं लागतं. किबा-दाचीला माझा विरोध नाही.

लालबागचा कोल्हापूरकर:
आमच्याकडे तालमीत पहिला प्रश्नच असतो, "वस्ताद कोण?" पोरगा कुणाचा पठ्ठा आहे हे कळलं की त्याचे डावही अर्धे कळतात. मर्दानी खेळातही बेल्ट नाही, परीक्षेचा कागद नाही. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, पण पट्टा फिरवणाऱ्याची ओळख आजही कोणाकडे शिकला यावरूनच होते. त्यामुळे भांडुपकरांचं म्हणणं मला नवं वाटत नाही, आपलंच आहे.

पण फिजिओ ताईंचं एक खरं. नुसता एकाच वस्तादाचा अभिमान धरून भागत नाही. खाशाबा जाधवांचं बघा. गोळेश्वरचं पोर, वडील दादासाहेब पैलवान, सगळी कुस्ती मातीतली. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला मॅटवर उतरले, सहावे आले. त्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून मॅटची कुस्ती शिकले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य. मातीत वाढलेल्या माणसाने परक्या माणसासमोर पुन्हा शिष्य होणं, त्यांच्या प्रवासातला हा टप्पा मला पदकाइतकाच मोठा वाटतो.

बोरिवलीचा बाबा:
सगळं ठीक, पण बहुतेक पालक वर्ग निवडतात ते शालेय स्पर्धा आणि दहावीच्या वाढीव क्रीडागुणांसाठी. त्यांना पदकं लागतात. कराटे टोकियो ऑलिंपिकमध्ये होतं, पॅरिसला नव्हतं, याचाही विचार करून लोक मुलांना तायक्वांदो किंवा ज्यूदोकडे वळवतात. सरांचा प्रवास वाचणार कोण?

मुलुंडची आई:
@बोरिवलीचा बाबा, मी वाचीन. लालबागच्या दादांचं वाचून माझं मत थोडं सरकलंय. 'कोणाकडे शिकलात' याऐवजी 'आता तुमची चूक कोण काढतं' असं विचारलं तर उत्तर ऐकायला मला आवडेल. आमच्या वर्गातल्या सरांचा वर्गात शब्द अंतिम असतो. मुलं वाकून नमस्कार करतात, पालक हात जोडतात. अशा माणसाच्या वर कोणीच नसणं मुलांसाठी धोक्याचं आहे. ते अजूनही दर महिन्याला कोणाच्या तरी रांगेत उभे राहत असतील तर मला दिलासा वाटेल.

भांडुपकर:
हे मला सुचलं नव्हतं आणि ते माझ्या मूळ मुद्द्यापेक्षा सरस आहे. फळ्यावरच्या त्या मॅडमचा मजकूर मला इतका का भिडला तेही आता कळतंय. ज्युनियर मुलींच्या मागे उभं राहायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

मग पालकसभेत मी इतकंच मागणार आहे. सुरुवात कोणाकडे, सध्या कोणाकडे शिकता, तुमची चूक कोण दाखवतं. मुलांना शिकवायचं स्वतंत्र शिक्षण कुठे घेतलंत, मग ती शारीरिक शिक्षणाची बीपीएड पदवी असो, ज्यूदोवाल्यांचा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) अभ्यासक्रम असो किंवा एखाद्या जुन्या सरांच्या हाताखालची उमेदवारी. जपान कराटे असोसिएशनने १९५६ मध्ये प्रशिक्षक घडवण्याचा वेगळा वर्ग सुरू केला, तिथे चांगल्या ब्लॅक बेल्टवाल्यांनाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. आपण गल्लीतल्या वर्गाकडून निदान या प्रश्नाचं उत्तर तरी मागू शकतो. आणि प्रथमोपचार व पोलीस पडताळणी त्याच फळ्यावर, वरच्या ओळीत.

परळचा शिष्य:
वरच्या ओळीला माझी हरकत नाही. पडताळणी मी करून घेतो, खर्च माझा. पण शिकवायच्या शिक्षणाची ओळ आली की माझ्यासारखे पुन्हा अडकणार. उमेदवारी म्हणून माझी वर्षं धरणार असाल तर लिहितो. माझे सर आता थकलेत, पण रविवारी मी त्यांच्यासमोर काता करतो आणि ते खुर्चीवरून हाक मारून थांबवतात. हे लिहिलेलं चालेल का?

पार्ल्याची फिजिओ:
चालेल. त्यात एक भर घाला. आमच्यातल्या कोणाला तरी वर्षातून एकदा वर्गावर बोलवा, मी परळला विनामूल्य यायला तयार आहे. सराव बघीन, जे खटकेल ते तुमच्या सरांसमोरच सांगीन. त्यांना राग आला तर येऊ दे.

मुलुंडची आई:
आमच्या सरांना मी हे प्रश्न पुढच्या ग्रेडिंगआधी (बेल्टच्या परीक्षेआधी) विचारणार आहे. त्यांनी प्रवास लिहायला नकार दिला तरी मुलगी तिथेच जाईल, भांडुपकर, इथे आपलं जमत नाही. पडताळणी नसेल तर मात्र त्याच दिवशी काढून घेईन.