बेरियम-१३७एम: अर्धायुष्य १६३ सेकंद येतंय, एरर किती लिहू?

टीवाय_फिजिक्स
सिझियम-१३७च्या जनरेटरमधून (आत सिझियमच्या क्षयातून बेरियम-१३७एम बनत राहतं) काढलेलं द्रावण, जीएम काउंटर (गायगर-म्युलर, किरणोत्सर्ग मोजणारा), प्रत्येक रीडिंग ३० सेकंदांचं. शून्याला ८९२ काउंट, ३०० सेकंदांना २३८, ६०० ला ७०. पहिलं-शेवटचं धरून अर्धायुष्य १६३ सेकंद, शेवटची दोन धरून १७०. पुस्तकात १५३. शेवटच्या रीडिंगचा दर सेकंदाला २.३३, त्याचं वर्गमूळ १.५३, एवढा एरर बार आलेखात मावेना. बॅकग्राउंड (नमुना नसतानाही येणारे काउंट) १० मिनिटांत २४० आहे, ते वजा करायचं का?

काउंटमोज्या
वर्गमूळ मोजलेल्या काउंटचं, दराचं कधीच नाही. √७० = ८.४, मग भागिले ३०, म्हणजे ०.२८. तू पाचपट फुगवलास. दर मिनिटात लिहिला असतास तर √दर आणखी वेगळा आला असता, यावरूनच ते चूक आहे हे कळतं.

बॅकग्राउंड वजा करायचंच. ३० सेकंदांना १२. ८९२ मध्ये ते जेमतेम सव्वा टक्का, ७० मध्ये १७ टक्के. ते क्षय पावत नाही, म्हणून आलेखाची शेपटी वर उचलली जाते आणि अर्धायुष्य लांबतं. उरले ८८० आणि ५८. लॉगमधला (नैसर्गिक, दहाचा नाही) फरक २.७२, भागिले ६०० हा क्षयाचा दर; ०.६९३ ला (२ चा लॉग) त्याने भाग, अर्धायुष्य १५३.

५८ ची त्रुटी √५८ नव्हे हं. वजाबाकीत त्रुटी घटत नाही: √(७० + ०.६) = ८.४, त्यातला ०.६ बॅकग्राउंडच्या त्रुटीचा. लॉग घेतल्यावर ८.४/५८ = ०.१४५, पहिल्या बिंदूची ०.०३४. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ ०.१४९, म्हणजे साडेपाच टक्के. उत्तर १५३ ± ८ सेकंद.

अल्फाबीटा
दोनच बिंदूंवर थांबू नकोस, सगळे घेऊन वेटेड फिट कर, म्हणजे कमी त्रुटीच्या बिंदूला जास्त वजन देऊन रेष बसव. वजन = १/त्रुटीचा वर्ग; पहिल्या बिंदूला शेवटच्याच्या १८ पट वजन मिळतं. साध्या फिटमध्ये दोघांना सारखंच, आणि शेपटीतला एक उडालेला बिंदू सगळी रेष वाकवतो.

द्रावणासोबत थोडं सिझियमही उतरतं, ते रिकाम्या बॅकग्राउंडमध्ये दिसत नाही. नमुना न हलवता अर्ध्या तासाने मोज. बेरियम तेव्हा नगण्य उरतं. जे येईल तेच खरं बॅकग्राउंड.

डेड टाइमचं (एक काउंट नोंदल्यावर काउंटर क्षणभर आंधळा असतो तो वेळ) टेन्शन इथे नाही. १०० मायक्रोसेकंद धरला तरी सेकंदाला ३० काउंटवर ०.३ टक्के. ५०० वर मात्र ५ टक्के खाईल.

टीवाय_फिजिक्स
शेवटची रीडिंगं ६० सेकंदांची घेतली तर?

काउंटमोज्या
घे, पण बॅकग्राउंड २४ धर आणि आलेखावर प्रत्येक रीडिंगची मधली वेळ टाक. सुरुवातीची टाकलीस तर ते बिंदू ३० सेकंदवाल्यांपेक्षा सहा टक्क्यांहून थोडे जास्त खाली बसतील. मधल्या वेळेने फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो.