खाऱ्या पाण्याच्या टँकरला आतून काय लावावं?

मेहसाण्याजवळ तेलविहिरींवरून कच्च्या तेलाबरोबर निघणारं खारं पाणी प्रक्रिया केंद्रात नेतो. टँकर १२ हजार लिटरचा, साध्या लोखंडाचा, व्हॅक्यूमने भरणारा. तळाच्या वेल्डिंगलगत खड्डे पडून गळती लागलीय. दोनदा पत्रा मारला. मग आतून एपॉक्सी (रेझिनचा रंग) लावलं, चार महिन्यांत पापुद्रे सुटले (आधी सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने पत्रा साफ करण्याचे पैसे वाचवले, चूक माझीच).

पाणी ६० अंशांपर्यंत गरम, वर तेलाचा तवंग. कधी सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे विषारी हायड्रोजन सल्फाइड, त्यामुळे टाकी धुऊन, हवा खेळवून, गॅस मोजल्याशिवाय कुणाला आत उतरवत नाही. स्टेनलेसची टाकी परवडणार नाही. रबराचं अस्तर तेलाने फुगतं आणि व्हॅक्यूमला सुटतं म्हणतात.

तळाचा पत्रा बदलून, नीट ब्लास्टिंग करून फिनोलिक एपॉक्सी (उष्णता आणि रसायनं जास्त सोसणारा प्रकार) करू की एफआरपी (काचतंतू आणि रेझिनचं अस्तर)? व्हॅक्यूमच्या गाडीत कुणाचं काय टिकलंय?