मदत हवी आहे: विशी ते साठीचे टप्पे कसे पाडू?

नमस्कार मंडळी,
अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या टप्प्यांचा तक्ता करतेय आणि मधेच अडकलेय. सुरुवात सोपी आहे. पहिले २८ दिवस नवजात, मग वर्षापर्यंत तान्हं बाळ. तळहाताला बोट लावलं की मूठ घट्ट आवळणं, साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरणं, अशा खुणा मुलांना छान कळतात. किशोरवय तर जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ असं आखूनच दिलंय. (मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हे खरं तर त्यांच्या आईबाबांना सांगायला हवं!)

घोळ पुढे आहे. विशी ते साठी एकाच चौकटीत कोंबणं मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने मांडलेले आयुष्याचे आठ टप्पे पाहिले, पण ती मांडणी या मुलांना जड जाईल. चाळिशीत जवळचं वाचायला चष्मा लागतो, बायकांची पाळी बहुधा ४५ ते ५५ च्या दरम्यान थांबते. अशा शारीरिक बदलांवरून भाग पाडू, की नोकरी-संसारावरून? आणि म्हातारपण ६० पासून दाखवू की ६५?

कुणी असा तक्ता केला असेल तर कसा विभागलात ते सांगा. फोटो टाकलात तर फारच बरं.