महिन्याचा पगार घेणाऱ्याने तास मोजूच नयेत काय?

हिशेबनीस (धागाकर्ते):
भोसरीकर यांचे कालचे लिखाण वाचून स्वस्थ बसवेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याला महिन्याचा पगार मिळतो आणि ज्याच्या पदनामात 'इंजिनिअर' किंवा 'मॅनेजर' आहे, त्याने ओव्हरटाइम मागणे ही बिगारी वृत्ती आहे. कायदाही त्याला तो हक्क देत नाही, असेही ते म्हणतात. वृत्तीचे सोडा, पण कायद्याविषयीचे विधान अर्धेच खरे आहे आणि अर्धे सत्य एचआरला नेहमीच सोयीचे पडते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार म्हणजे केवळ अंगमेहनत करणारा नव्हे. कुशल, तांत्रिक आणि कारकुनी काम करणाराही त्यात येतो आणि जादा तासांना दुप्पट दर आहे. कलम 3 ने वगळले आहे ते गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाचे काम करणाऱ्यांना. त्या वगळणीत पगाराची मर्यादा नाही. राहिले पदनाम, तर औद्योगिक विवाद कायद्याखालच्या सीबा गायगी या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले आहे, की माणूस मुख्यतः कोणते काम करतो ते पाहावे. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही आणि कोणाची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करण्याचाही मला अधिकार नाही; तरी ई-मेलच्या तळाशी 'असोसिएट मॅनेजर' असल्यामुळे रात्री साडेदहापर्यंतचे काम कंपनीला फुकट मिळते.

भोसरीकर:
कलमे मलाही वाचता येतात. माझ्याकडे डिझाइनचे काम ठरलेल्या रकमेवर येते. ग्राहक तासांचे पैसे देत नाही, आराखड्याचे देतो. एक मुलगा तो आराखडा सायंकाळी सहाला संपवतो आणि दुसरा मोबाइल बघत बघत नऊ वाजवतो, तर दुप्पट दर मी त्या दुसऱ्याला द्यायचा का? बौद्धिक काम घड्याळावर मोजले की हुशार माणसाचे नुकसान होते, हे माझ्यासारख्या पगार वाटणाऱ्यालाच कळते.

मीनल_हिंजवडी:
भोसरीकर, आमच्याकडे ग्राहकाला बिल तासांवरच जाते आणि तेव्हा बौद्धिक काम घड्याळात अगदी व्यवस्थित बसते. टाइमशीटमध्ये आठच्या वर आकडा टाकला की ती ओळ लाल होते आणि थोड्या वेळात टीम लीडचा फोन येतो, की 'मंजूर तेवढेच भर, बाकीचे आपण बघून घेऊ'. ते बाकीचे आजवर कोणीही बघितलेले नाही. उद्या मी दावा लावला, तर मीच भरलेली टाइमशीट माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल. दुप्पट दर हे कर्मचाऱ्याला बक्षीस नाही. मालकाने आणखी एक माणूस नेमावा म्हणून कायद्याने घातलेला तो लगाम आहे.

कॅशकाउंटर:
आयटीवाल्यांनाच झोप येत नाही असे समजू नये. बँकेत कारकुनाला, म्हणजे अवॉर्ड स्टाफला, बँका आणि संघटना यांच्यातील द्विपक्षीय कराराप्रमाणे ओव्हरटाइम मिळतो. अधिकाऱ्याला मिळत नाही. क्लोजिंगच्या रात्री कारकुनांच्या ओव्हरटाइमच्या पत्रकावर मी सही करतो आणि त्यांच्यानंतर दिवे मालवून मीच बाहेर पडतो. आमच्या शाखेतील दोघांनी याच कारणाने बढती नाकारली आहे, कारण स्केल वन, म्हणजे अधिकाऱ्याची पहिली पायरी, म्हणजे थोडा जास्त पगार, बदली आणि बेहिशेबी संध्याकाळ.

भोसरीकर:
बँकवाल्यांनी तरी यात पडू नये. माझ्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्याच्या नूतनीकरणाचे कागद टेबलावर पडून असतात आणि साहेब 'मीटिंगमध्ये' असतात. त्यांना ओव्हरटाइम द्यायचा असेल, तर त्यांच्यामुळे आमचा जो वेळ जातो त्याचाही दर एकदा ठरू द्या.

कॅशकाउंटर:
आपले कागद पडून असतात, कारण ज्या शाखेत पाच अधिकारी हवेत तिथे तीन आहेत आणि त्या तिघांना विम्याचे टार्गेटही आहे. रात्री नऊनंतर माझा तास फुकट असल्यामुळेच वरच्यांना चौथा माणूस नेमण्याची घाई नाही. आपण आम्हाला शिव्या घालून नेमकी मीनलताईंचीच बाजू सिद्ध करीत आहात, आणि ते आपल्याला कळत नाही याचे नवल वाटते.

भोसरीकर:
'कळत नाही' वगैरे भाषा शाखेत कर्जदारापुढे चालत असेल, येथे चालणार नाही. पेन्शन, वेतनकरार, घरकर्जाला सवलतीचा दर, हे सगळे पदरात घेऊन वर ओव्हरटाइम हवा!

कॅशकाउंटर:
जुनी पेन्शन 1 एप्रिल 2010 पासून रुजू झालेल्यांना नाही. मी त्यांपैकीच आहे. माहिती अद्ययावत करून मग चिडावे.

एडिसनचा_अण्णा:
अमेरिकेतील रीत तुलनेसाठी सांगतो. येथे संघीय कायद्यात आठवड्याला 40 तासांनंतर दीडपट दर आहे. मालकाला त्यातून सूट हवी असेल तर कामाचे स्वरूप आणि किमान पगार अशा दोन्ही कसोट्या सहसा लागतात. ही पगाराची मर्यादा 2024 मध्ये वाढवली गेली होती, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने ती वाढ रद्द केली आणि आकडा पुन्हा आठवड्याला 684 डॉलरवर आला.

हिशेबनीस:
अण्णा, आपल्याकडेही औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकासाठी दरमहा 18,000 रुपयांची रेषा आहे; त्याहून जास्त पगार असला की तो कामगार धरला जात नाही. पुण्यात त्या पगाराचा पर्यवेक्षक शोधून दाखवावा. भोसरीकर, आपला दुसरा मुलगा मोबाइल बघत असेल तर त्याला सहा वाजता घरी पाठवा. आपण मंजूर न केलेल्या तासांचे पैसे द्या असे कोणीच म्हणत नाही. आपण सांगून बसवून घेतलेल्या तासांचे म्हणतो आहोत.

भोसरीकर:
सांगून बसवले तर द्यावे लागतील, एवढे मानतो; कायदा तसा असेल तर उपाय काय! अर्थात सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायदा लागू होण्याची मर्यादा 10 वरून 20 कामगारांवर नेण्यास मंजुरी दिली आहे, म्हणजे आपल्या या क्रांतीतून माझ्यासारखे बरेच लहान मालक सुटतील. आपले अभिनंदन.

मीनल_हिंजवडी:
त्याच निर्णयात तिमाहीतील ओव्हरटाइमची कमाल मर्यादा 125 तासांवरून 144 करण्याचेही ठरले होते, हे भोसरीकर सोयीने विसरले. ज्या तासांची नोंदच होत नाही, त्यांची मर्यादा वाढवून कोणाचे भले होणार? आणखी एक. कलम 3 प्रमाणे वगळलेल्यांची यादी कंपनीने संकेतस्थळावर लावावी लागते, संकेतस्थळ नसेल तर आवारात ठळक जागी, आणि एक प्रत सुविधाकाराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी निरीक्षकाकडे, पाठवावी लागते. आमच्या कंपनीची ती यादी मी मागितली, तेव्हा एचआरने उलट विचारले, 'तुम्हाला कशासाठी हवी आहे?' येथे कोणी आपल्या आस्थापनेत ती लावलेली पाहिली आहे का?

कॅशकाउंटर:
बँकेबद्दल विचारत असाल, तर आमच्याकडे लावलेली एकमेव यादी टार्गेटची आहे.