शब्दचर्चा: 'निगेटिव्ह फीडबॅक'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दखुळा:
'वायरलेस वर्ल्ड' या इंग्लंडमधल्या मासिकात एप्रिल आणि मे १९४७ ला डी. टी. एन. विल्यमसन यांनी घरी बांधता येईल असा व्हॉल्व्हचा, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचा, अँप्लिफायर छापला. जगभरच्या हौशी लोकांनी तो बांधला. त्यावर मराठीत लेख लिहायला घेतलाय. सॉफ्टवेअरने एका वाक्याचं भाषांतर असं दिलं: 'या प्रवर्धकाला २० डेसिबल नकारात्मक अभिप्राय देण्यात आला.' म्हणजे कोणीतरी विल्यमसनना खरमरीत पत्रच धाडलं की काय!

अभिप्राय बाद, एवढं कळतं; इथे फीडबॅक म्हणजे आउटपुटचा थोडा भाग इनपुटला परत देणं. प्रत्याभरण, पुनर्भरण, पुनःप्रदाय असे शब्द वाचनात आलेत. कोणता घेऊ? आणि व्हॅक्यूम ट्यूबला निर्वात नलिका लिहू का?

मास्तरीणबाई:
बी.एड.ला आम्ही प्रत्याभरण शिकलो, पण तिथे त्याचा अर्थ विद्यार्थ्याला त्याचं काम कसं झालं ते सांगणं. 'सकारात्मक प्रत्याभरण' म्हणजे शाबासकी, 'नकारात्मक' म्हणजे कानउघाडणी. तुमच्या लेखात नकारात्मक आलं की शिक्षकवर्गातला वाचक हमखास चुकीच्या गावाला जाणार. 'ऋण प्रत्याभरण' करा, ऋण विद्युतभारासारखं.

आगाऊ:
ऋण प्रत्याभरण? पतपेढीतला हप्ता वाटतोय. शिवाय 'आभरण' म्हणजे दागिना. कर्ज काढून दागिने परत सोडवले, असा अर्थ निघतो. :)

लॅमिंग्टनकर:
व्हॉल्व्हचं आधी मिटवून टाकू. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबापाशी, निर्वात नलिका मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. आपल्याकडे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पिढीने कायम व्हॉल्व्हच म्हटलंय. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह जुन्या मालात अजून निघतात. लेखात व्हॉल्व्हच ठेवा. 'झडप' मात्र नको. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्लेमिंगने १९०४ मध्ये प्रवाह एकाच दिशेला जाऊ देणारी वस्तू म्हणून हे नाव दिलं, तेव्हा अर्थाने झडप बरोबर आहे. पण मराठीत झडप घालतो तो वाघ.

फीडबॅकबद्दल माझं मत: 'उलट-भरण'. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा. सोपं आणि मराठी.

डागवाला:
लॅमिंग्टनकर, शब्द गोड आहे, पण सर्किटमध्ये तसं घडत नाही. नेमकं हेच पाहायला हवं.

विल्यमसनमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून (स्पीकरकडच्या गुंडाळीवरून) एक वायर निघते, रेझिस्टरमधून पहिल्या ट्रायोडच्या (कॅथोड, ग्रिड आणि अॅनोड अशा तीन टोकांच्या व्हॉल्व्हच्या) कॅथोडवर येते. इनपुट ग्रिडवर आहे. आता ग्रिडचा व्होल्टेज वर जातो त्या क्षणी कॅथोडवर परत आलेला व्होल्टेजही वरच जातो. दोघं एकाच फेजमध्ये! उलटं काहीच नाही. तरीही फीडबॅक निगेटिव्हच, कारण व्हॉल्व्हला ग्रिड किती वर गेला ते कळतच नाही, त्याला ग्रिड आणि कॅथोडमधला फरक तेवढा कळतो. ग्रिडवर १ व्होल्ट, कॅथोडवर ०.९ व्होल्ट, तर व्हॉल्व्ह राबतो उरलेल्या ०.१ व्होल्टवर. २० डेसिबल फीडबॅकचा अर्थ हाच. फीडबॅकविना जेवढं इनपुट पुरलं असतं त्याच्या दहापट आता लागतं.

सिग्नल कुठे उलटतो ते सर्किटच्या मांडणीवर अवलंबून. वजाबाकी मात्र दरवेळी होते. म्हणून 'ऋण' हाच शब्द बरोबर: इथे ऋण म्हणजे कर्जही नाही आणि नकारही नाही, गणितातलं वजाचं चिन्ह आहे. भरण, प्रदाय यांतलं काहीही त्यापुढे लावा, माझं भांडण नाही.

शब्दखुळा:
हे झकास. पण मग मुळात दहापट गेन (सिग्नल वाढवण्याची पट) घालवायचा कशाला? आधी चार ट्रायोड रांगेत लावून कमवायचा, मग वजा करायचा?

डागवाला:
हीच शंका पेटंटवाल्यांना आली होती. हॅरॉल्ड ब्लॅक हे बेल टेलिफोन प्रयोगशाळेतले इंजिनियर. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाईनवर अँप्लिफायरची माळ लागायची आणि प्रत्येकाचं विरूपण (डिस्टॉर्शन) पुढच्यात मिसळत जायचं, ते कसं कमी करावं हा त्यांचा प्रश्न. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीत उत्तर सुचलं, ते त्यांनी हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर लिहून काढलं. अर्ज १९२८ चा, पेटंट मिळालं डिसेंबर १९३७ मध्ये. गेन फेकून देऊन अँप्लिफायर सुधारतो हे पटायला लोकांना वेळ लागला.

सूत्र छोटं आहे. मूळ गेन क, परत आणलेला अंश ख, तर उरलेला गेन क भागिले (१ + कख). कख पुरेसं मोठं असलं की उत्तर जवळजवळ १ भागिले ख येतं. म्हणजे व्हॉल्व्ह म्हातारा झाला, मेन्सचा व्होल्टेज खाली-वर झाला, तरी गेन ठरतो दोन रेझिस्टरवर. विरूपणही साधारण त्याच प्रमाणात घटतं आणि आउटपुट इम्पीडन्सही (आउटपुटचा अंतर्गत विरोध). पेंटोडच्या (पाच टोकांच्या व्हॉल्व्हच्या) अँप्लिफायरला हे शेवटचं फार लागतं, नाहीतर स्पीकरचा कोन मोकाट हलतो आणि बास ढिला, ढुबढुबीत येतो. विल्यमसनने तर केटी६६ हे व्हॉल्व्ह ट्रायोडसारखे जोडले आणि वर २० डेसिबल फीडबॅक लावला. १५ वॅटला विरूपण ०.१ टक्क्याच्या आत.

ट्रायोडभक्त:
म्हणून विल्यमसन स्वच्छ आणि बेचव लागतो. माझ्या ३००बी या ट्रायोडच्या सिंगल एंडेड (आउटपुटला एकच व्हॉल्व्ह असलेल्या) सेटला फीडबॅक शून्य आहे. तिथे शब्दाचीच गरज नाही!

डागवाला:
चवीबद्दल वाद नाही. तुमच्या म्हणण्यात तथ्यही आहे: अगदी थोडा फीडबॅक लावला तर दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटीचा सूर) कमी होतो, पण मूळ सिग्नलमध्ये नसलेले वरचे हार्मोनिक नव्याने उगवतात. इंग्रज ऑडिओ इंजिनियर पीटर बॅक्झंडॉल यांनी १९७८ मध्ये हे मांडून दाखवलं. लावायचा तर भरपूर, नाहीतर नको.

पण शून्य म्हणू नका. तुमच्या पहिल्या ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या कॅथोड रेझिस्टरवर बायपास कपॅसिटर आहे का?

ट्रायोडभक्त:
नाही, मुद्दाम काढलाय. आवाज मोकळा होतो.

डागवाला:
मग करा हिशेब. म्यू (व्हॉल्व्हची स्वतःची वाढवण्याची पट) १००, प्लेट रेझिस्टन्स ६२.५ किलोओहम, अॅनोडला (म्हणजे प्लेटलाच) १०० किलो, कॅथोडला १.५ किलो. कपॅसिटर असताना गेन साधारण ६१, काढल्यावर साधारण ३२. हा निम्मा गेन गेला कुठे? कॅथोड रेझिस्टरवर आउटपुटच्या प्रवाहाची सावली पडते, ती ग्रिडच्या सिग्नलमधून वजा होते. शुद्ध ऋण प्रत्याभरण, फक्त एका टप्प्यापुरतं. तुमच्याकडे 'सर्वव्यापी', म्हणजे शेवटच्या आउटपुटपासून पहिल्या इनपुटपर्यंतचा, फीडबॅक नाही, 'स्थानिक' आहे. शब्दखुळे, ही दोन विशेषणं लेखात हवीतच.

मास्तरीणबाई:
एक शंका. लग्नाच्या हॉलमध्ये माइक शिट्टी मारतो, तेव्हा साउंडवाला 'फीडबॅक येतोय' म्हणतो. तो धन का?

डागवाला:
धनच. तिथे बेरीज होते, स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा वाढतो. गंमत अशी की ऋण लावलेली वायरही कधी धन होते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि कपलिंग कपॅसिटर मिळून फेज सरकवत नेतात, खूप वरच्या किंवा खूप खालच्या फ्रिक्वेन्सीला. एकूण सरक १८० अंशांवर गेली की वजाबाकीची बेरीज होते, आणि तिथे लूपमध्ये पुरेसा गेन उरला असेल तर अँप्लिफायर स्वतःच गाऊ लागतो. याचं गणित बेल प्रयोगशाळेतल्याच नायक्विस्टने १९३२ मध्ये मांडलं. विल्यमसनने ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा हे इतकं काटेकोर सांगितलं ते याचसाठी. स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर घालून बांधलेले सेट खालच्या टोकाला फट्-फट्-फट् करत, त्याला मोटरबोटिंग म्हणतात.

तेव्हा 'ऋण' हे सर्किटचं कायमचं आडनाव नाही, कोणत्या फ्रिक्वेन्सीला बोलतोय ते सांगावं लागतं. नवशिक्यांसाठी: वायर पहिल्यांदा जोडाल तेव्हा स्पीकर काढून डमी लोड (स्पीकरच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर) लावा. सिग्नल कमी होण्याऐवजी वाढला किंवा सेट किंचाळला, तर प्रायमरीची अॅनोडकडची दोन टोकं अदलाबदल करा.

लॅमिंग्टनकर:
'उलट-भरण' मागे घेतो. 'वजा फीडबॅक' म्हणू का? दुकानात तरी खपेल.

शब्दखुळा:
तोंडी वजा फीडबॅक मस्तच. लेखात पहिल्या उल्लेखाला 'ऋण प्रत्याभरण, म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक' असं लिहितो, पुढे नुसता फीडबॅक. वाक्य असं होईल: 'या अँप्लिफायरला २० डेसिबलचं सर्वव्यापी ऋण प्रत्याभरण लावलं असून आउटपुट रोहित्रही त्या फेऱ्यात येतं.'

आगाऊ:
रोहित्र वाचलं की गल्लीच्या तोंडाशी महावितरणची डीपी दिसते, त्यावर बसलेल्या कावळ्यासकट.

डागवाला:
खरंय, तिथे ट्रान्सफॉर्मरच ठेवा. आणि एक वाक्य वाढवा: या सर्किटला ४५० व्होल्टचा पुरवठा लागतो आणि स्विच बंद केल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतो. आधी रेझिस्टर लावून ते रिकामे करावेत, मीटरने बघावं, मग फीडबॅकच्या वायरला हात लावावा.