घाबरट कुत्र्याची नखं: धरून उरकायची की त्याच्या कलाने घ्यायचं?

सावली

नेलकटर ठेवलेला खण नुसता सरकला, तरी आमची चिंगी पलंगाखाली जाते. दोन वर्षं आमची एकच पद्धत होती. एकाने तिला काखोटीला मारायचं, दुसऱ्याने पंजा पकडायचा, पटापट अठरा नखं उडवायची आणि मग तोंडदेखलं लाडीगोडी करायची.

गेल्या महिन्यात ती अजिबात हलली नाही. मला वाटलं, चला, झाली एकदाची सवय. मग नीट बघितलं. डोळ्यांची पांढरी कड दिसत होती, जीभ सारखी ओठांवरून फिरत होती, अंग लाकडासारखं ताठ. पंजा सोडला तरी तो तसाच हवेत! एरवी हातातून ओरबाडून घेते तो खाऊ समोर धरला, तर हुंगलासुद्धा नाही.

तेव्हापासून माझं मत असं, की जिवावर बेतलं नसेल तर कुत्र्याला दाबून धरून नखं कापूच नयेत. दिवसाला एक नख कापावं. आधी पंजाला हात, मग खाऊ. हे अंगवळणी पडलं की नेलकटर नुसता पंजाला टेकवायचा, मग खाऊ. क्रम मात्र चुकवायचा नाही. मी सुरुवातीला खाऊ आधी दाखवायचे, तर चार दिवसांत ती खाऊ बघूनच पळायला लागली. तुमचा अनुभव काय?

उचापत्या

असहमत. ‘दिवसाला एक नख’ ऐकायला गोड आहे, पण त्याचा हिशेब करा. दोन-तीन मिनिटांत आटपणारी भीती तुम्ही अठरा दिवसांवर पसरवताय. अठरावं नख होईतो पहिलं परत वाढायला लागलेलं. म्हणजे त्या बिचारीला सुट्टी कधीच नाही!

माझ्याकडे आलेला कुत्रा दहा वर्षांचा होता. आधीच्या घरात त्याच्या पंजाला कुणी हात लावला नसावा. पुढच्या पायाला आतून, जरा वर, ते अंगठ्यासारखं नख असतं ना (ड्यूक्लॉ), ते जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. त्याचं गोल फिरून मांसात रुतलेलं, आत पू झालेला. तिथे मी ‘हात, मग खाऊ’ करत बसायला हवं होतं का?

सावली

अहो, ‘जिवावर बेतलं नसेल तर’ हे मीच लिहिलंय. रुतलेलं नख घरी धरून काढलंत की डॉक्टरांकडे?

उचापत्या

डॉक्टरांनीच, गुंगीचं औषध देऊन. तो मुद्दा तुमचा. पण उरलेली नखं मी दर तीन-चार आठवड्यांनी घरी धरूनच कापतो. धरणं म्हणजे कुस्ती नव्हे. एक हात छातीखाली, एक खांद्यावर, आवाज चढवायचा नाही, उरकलं की सोडायचं. तो कुरकुरतो आणि पाच मिनिटांत शेपूट हलवत परत येतो. सगळ्यांच्या कुत्र्यांना एकाच मापाने मोजू नका.

धाकटी पाती

परत येतो म्हणजे तुमच्या कुत्र्याला ते झेपतंय. चिंगीचं वर्णन तसं नाही. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांना विजेचे झटके काही केल्या टाळता येत नव्हते, अशी बरीच कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही उठेनाशी झाली. ‘काही करून उपयोग नाही’ हे ती शिकली, असा अर्थ त्यांनी तेव्हा लावला. पंजा हवेत तसाच राहणं हे मला त्याच जातीचं वाटतं. ती शांत नव्हती, तिने नाद सोडला होता.

उचापत्या

विजेचे झटके आणि नखं कापणं एका तागडीत? कमाल आहे. उद्या आंघोळ घातली तरी तेच म्हणाल.

धाकटी पाती

तागडी एक नाहीच. मी फक्त एवढंच म्हणतेय की हलत नाही म्हणजे भीती गेली, असा अर्थ काढू नये. आंघोळीलाही तेच लागू, हे बरं आठवण करून दिलंत.

आडवा प्रश्न

कापायचीच कशाला? भटक्या कुत्र्यांची कोण कापतं?

जुना खोडकर

ती दिवसभर कडक जमिनीवर पळतात, नखं आपोआप झिजतात. गुळगुळीत फरशीवर लोळणाऱ्यांची झिजत नाहीत. चालताना टकटक ऐकू आली की समजायचं, नखं टेकताहेत. मग बोटं फाकतात, पाय तिरके पडतात, म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे आणखी कुरकुरतात. नख कशात अडकून मुळाशी फाटलं तर विचारूच नका.

आता माझे दोन पैसे. धरायचं की नाही यावर एवढी जुंपलीय, पण मुळात कुत्रा का घाबरला, हे कुणी विचारलंच नाही. बहुतेक वेळा कधीतरी नखाच्या आतली नस कापली गेलेली असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही. काळं नख एकदम कापू नका, बारीक चकत्या काढा. कापलेल्या तोंडाशी मधोमध गडद ओलसर ठिपका दिसला की थांबा, पुढे नस आहे. नेलकटरची धार गेली असेल तर तो नख कापण्याआधी चेंगरतो, आणि ते चेंगरणंही दुखतं. माझी निम्मी भांडणं नवा नेलकटर आणल्यावर मिटली. रक्त आलंच तर रक्त थांबवणारी पूड मिळते ती लावा, नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका.

आणि नखं फार वाढली असतील तर एका बैठकीत आखूड करता येत नाहीत, कारण नखाबरोबर नसही पुढे आलेली असते. दर आठवड्याला टोक काढत राहिलं की ती हळूहळू मागे सरते. म्हणजे थोडं-थोडं कापणं हा नुसता लाडाचा प्रकार नाही, सावलीताई इथे बरोबर आहेत.

उचापत्या

आठवड्याला आणि दिवसाला यात फरक आहे, खोडकरराव.

जुना खोडकर

आहे. म्हणून ‘इथे’ म्हटलं.

रानवारा

आमच्याकडे नेलकटर बंद. फळीवर 80 नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला आणि पंजाने फळी खरवडायला शिकवलं. पहिले दोन दिवस तो फळीवर बसायचा, तिसऱ्या दिवशी उजेड पडला. आता दिसली फळी की खरवड, आम्हालाच थांबवावं लागतं. पण अंगठ्याचं नख फळीला लागत नाही, आणि मागच्या पायांचं अजून जमलेलं नाही. नखं घासायचा ग्राइंडरही आणला होता. नख तापतं, म्हणून एका जागी दोन सेकंदांहून जास्त टेकवायचा नाही, लांब केस असतील तर आधी बाजूला धरायचे. त्याला आवाजच सहन झाला नाही, तो ग्राइंडर पडून आहे.

सावली

फळी करून बघते.

उचापत्या, तुमच्या हिशेबावर रात्री विचार केला. नख रोज कापून भीती रोज होत असेल तर तुम्ही बरोबर. माझं म्हणणं ती भीतीपर्यंत पोचूच द्यायची नाही असं आहे. तिने पंजा ओढला की मी सोडते, त्या दिवशी नख नाही. गंमत म्हणजे सोडायला लागल्यापासून ओढणं कमी झालंय.

उचापत्या

हे आधी लिहायचं ना. तरी प्रश्न उरतोच. तिला मर्जी विचारायची सवय लावलीत आणि उद्या पंजात काच गेली, तर? धरून घेण्याचीही सवय हवीच. मी तर जाळीचा मझलसुद्धा (चावू नये म्हणून तोंडाला लावतात तो) घालायला शिकवलाय. धापता येतं, जाळीतून खाऊ घेता येतो. घरी शिकलेला मझल दवाखान्यात उपयोगी पडतो.

धाकटी पाती

मझलबद्दल सहमत, चक्क.

एक भर घालते. काही कुत्र्यांना यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे डॉक्टरांना विचारून आधी देण्याचं, भीती कमी करणारं औषध घ्यावं, गाबापेन्टिन किंवा ट्रॅझोडोनसारखं. त्यात कमीपणा नाही. फक्त घरातल्या माणसांच्या औषधांतून अंदाजाने देऊ नका. माणसांच्या पातळ गाबापेन्टिनमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्यांना विषारी. आणि उचापत्या, दहा वर्षांचा कुत्रा मागचा पाय धरताना कुरकुरत असेल तर तो हट्ट नसेल, कंबर दुखत असेल. पाय बाजूला ओढू नका, खालीच ठेवून मागे वळवा.

उचापत्या

मागच्याच पायाला कुरकुरतो. पुढच्याला नाही.

बघतो.

सावली

आज सहावं नख. सातव्याला ओढला, सोडला.